उज्वलाची खुर्ची

बायका जावेच्या पाटल्यांवर जळतात, शेजारणीच्या फ्रीजवर जळतात. उज्वला स्वतःच्या नवऱ्यावर जळायची. बरं, नवरा वाईट होता असंही नाही. दारू नाही, तंबाखू नाही, पगार झाला की पाकीट घरात. वाईट असता तर चार बायकांत बसून रडता तरी आलं असतं. चांगल्या नवऱ्यावर जळणाऱ्या बाईला रडायलाही जागा नसते.

किशोर दुपारी चारच्या सुमारास अंबडच्या कारखान्यातून घरी यायचा. बूट दाराशी काढायचा, शर्ट खुंटीला लावायचा आणि पंख्याखाली पाय पसरून म्हणायचा, "दमलो गं." त्याच्या त्या दमण्यावरसुद्धा ती जळायची. त्याच्या दमण्याला एक वजन होतं. त्याला चहा मिळायचा, हर्षालीला "पप्पांना पडू दे" असं सांगितलं जायचं, टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. उज्वला सकाळी साडेपाचला उठलेली असायची, पण ती दमली तर लोक म्हणायचे, दिवसभर घरीच तर असते.

मग तो आत गेला की ती खुंटीवरचा शर्ट उतरवायची. धुवायला. पण धुण्याआधी एकदा नाकाशी धरायची. शर्टाला कूलंटचा वास यायचा, मशीनवर लोखंड कापताना सोडतात त्या दुधाळ पाण्याचा. दुसऱ्या कुणाला तो वास घाण वाटेल. हा वास एकेकाळी तिच्या ओढणीला यायचा.

उज्वला मनमाडची. वडील रेल्वेत फिटर. इतर मुली भातुकली खेळायच्या त्या वयात ती वडिलांच्या पेटीतला कॅलिपर घेऊन घरातल्या वाट्या मोजत बसायची. आयटीआय करून ती नाशिकला आली आणि एकविसाव्या वर्षी अंबडच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी बसली. तिथं ट्रकच्या ब्रेकच्या पिना व्हायच्या, अंगठ्याएवढ्या जाड, आरशासारख्या गुळगुळीत. पिनेची जाडी केसाच्या दहाव्या भागानं जरी चुकली तरी पीस बाद. ते मोजायचं काम उज्वलाचं. टेबलाशी एक उंच, गोल फिरती खुर्ची होती, रेग्झिन फाटलेली. त्या खुर्चीवरून उज्वला "नाही" म्हणाली की सहा फुटी ऑपरेटर मुकाट्यानं मशीन थांबवायचा. सुपरवायझरसुद्धा तिला विचारल्याशिवाय लॉट पुढे पाठवत नसे. ही गोष्ट ती कधीच विसरली नाही. घरात ती नाही म्हणाली तर काहीच थांबत नव्हतं.

त्या मशीनवाल्यांतच किशोर होता. वणीच्या अलीकडच्या खेड्यातला, द्राक्षवाल्या घरातला धाकटा मुलगा, शेतीत मन न रमलेला. त्याच्या पिना ती सारख्या परत पाठवायची. तो घामाघूम होऊन यायचा, "मॅडम, एवढा एक घ्या ना." ती म्हणायची, "किशोर, तू मायक्रोमीटर धरतोस की पाना? हलका धर." जेवणाच्या सुट्टीत तिनंच त्याला मोजायला शिकवलं. कान लावून, मायक्रोमीटर पुरेसा आवळला की येणारी कटकट ऐकायला शिकवलं. शिकवता शिकवता व्हायचं ते झालं, आणि दोन्हीकडच्या घरांनी फारशी खळखळ न करता लग्न लावून दिलं. लग्नानंतर पहिला बदल बोलण्यात झाला. "मॅडम"ची "अगं" झाली आणि "किशोर"चे "अहो" झाले. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, तिलाही नाही.

हर्षालीच्या वेळी सातव्या महिन्यात तिनं काम सोडलं. ती कॉन्ट्रॅक्टरच्या यादीवर होती. कॉन्ट्रॅक्टर गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "ताई, मोकळी होऊन ये. जागा कुठं पळून जात नाही." हर्षाली अकरा महिन्यांची झाल्यावर ती गेटवर गेली तेव्हा जागा खरंच पळून गेली नव्हती. त्या जागेवर किशोर बसला होता.

ते असं झालं. मुलगी झाल्याचे पेढे घेऊन किशोर ऑफिसात गेला, तेव्हा मोठे साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आता बाप झालास, जबाबदारी वाढली, तुझं काहीतरी बघायला हवं. महिन्याभरात त्याला पर्मनंट केलं. तपासणीच्या टेबलाशी माणूस कमी होता, आणि मायक्रोमीटर नीट धरणारा मशीनवर एकच होता. तो आपण परत जाईपर्यंतच तिथं बसेल, असं उज्वलाला वाटलं होतं. त्याला कुणी शिकवलं होतं ते सांगायला नकोच. लेक एकच झाली. तिच्यामुळं बाप पर्मनंट झाला आणि आई घरी बसली.

उज्वलाला कॉन्ट्रॅक्टरनं पॅकिंगला घेतो म्हटलं, खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला. "लहान लेकरू आहे ताई, तुझं लक्ष घरी राहणार. तपासणीचं काम डोक्याचं." किशोरही म्हणाला, "पॅकिंगसाठी कशाला पोरीला दुसऱ्याकडे टाकतेस? मी कमावतोय ना." हे त्यानं प्रेमानंच म्हटलं होतं. उज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण प्रेमानं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? ती मूग गिळून बसली. बसली ती तीन वर्षं.

या तीन वर्षांत किशोर रोज संध्याकाळी कारखान्याच्या अडचणी घरी घेऊन यायचा. त्याला वाटायचं, आपण बायकोशी मन मोकळं करतो. अमुक पिनेला ओरखडा का येतो, तमुक मशीन संध्याकाळी माप का सोडतं. उज्वला भाकरी थापता थापता ऐकायची आणि दोन प्रश्न विचारून नेमकं बोट ठेवायची. दुसऱ्या दिवशी किशोर ते तिथं बोलायचा आणि वाहवा घेऊन यायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आणि ती सांगायची तरी का? कारण ती पाच मिनिटं ती पुन्हा त्या खुर्चीवर बसलेली असायची. तेवढ्यासाठी ती अख्खा दिवस काढायची, आणि मग ती मिनिटंही त्याच्या खिशात गेलेली बघून रात्रभर जळायची.

मागच्या वर्षीचीच गोष्ट. किशोर डोकं धरून बसला होता. म्हणाला, आमच्याकडे माप बरोबर येतं आणि गिऱ्हाइकाकडे गेल्यावर पिना बारीक निघतात, सगळा लॉट परत आला.

"मशीनवरून काढल्या काढल्या मोजता का?" उज्वलानं विचारलं.

"मग काय, वेळ कुठंय? मिनिटाला एक पीस पडतो."

"हाताला कोमट लागतो?"

"लागतो थोडा. कूलंट कमीच येतंय सध्या."

"मग तो फुगलेला असतो अहो. गार झाला की आक्रसतो. अर्धा तास थांबून मोजा."

"अर्धा तास थांबून कुठला पीस कधीचा, ते कसं कळणार?"

उज्वलानं ओट्यावरचा अंड्यांचा ट्रे रिकामा करून त्याच्या पुढ्यात ठेवला. पुठ्ठ्याचा, तीस खळग्यांचा. "पहिला पीस पहिल्या खळग्यात उभा करा. मग दुसरा, मग तिसरा. तिसावा ठेवाल तेव्हा पहिल्याला अर्धा तास झालेला असेल. तो उचला, मोजा, त्याच्या जागी नवा ठेवा." किशोर ट्रेकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी तो ट्रे पिशवीत घालून घेऊन गेला. खरं तर गरम पीस मोजू नये हे कुठल्याही जुन्या इन्स्पेक्टरला ठाऊक असतं. पण जुनी इन्स्पेक्टर घरी भाकऱ्या थापत होती. पुढं महिन्याभरानं किशोर एक नवा कुकर घेऊन आला. "कंपनीनं दिला," म्हणाला. उज्वलाला वाटलं, सगळ्यांना दिला असेल. रोज वरण-भात त्यातच व्हायला लागला.

या जूनमध्ये हर्षाली बालवर्गात जायला लागली, नऊ ते साडेबारा. आणि एका सकाळी पॅकिंगमध्ये काम करणारी तृप्ती भाजीच्या गाडीवर उज्वलाला भेटली. तृप्ती तिच्याच वेळची, तोंडानं फटकळ.

"मग, कधी येतेयस मुलाखतीला?"

"कसली मुलाखत?"

"अगं, किशोरभाऊंना सीनियर करतायत. त्यांची खुर्ची खाली होतेय. पंधरा दिवस झाले नोटीस लागून. घरी बोलले नाहीत?"

उज्वलानं मेथीची जुडी परत गाडीवर ठेवली. रोज घरी येऊन मशीनच्या शिंकेपर्यंत सगळं सांगणारा माणूस, नेमकं एवढंच सांगायला विसरला होता.

संध्याकाळी तिनं विचारलं. किशोर आधी म्हणाला, सांगणारच होतो. मग म्हणाला, "पाळी आता बदलती होणार आहे गं. एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची. हर्षूचं कोण बघणार? आणि..." तो घुटमळला. "नवरा-बायको एकाच खात्यात म्हटल्यावर लोक हसतात."

"लोक आधी हसत नव्हते. आधी मी तुमचे पीस परत पाठवायचे तेव्हासुद्धा नव्हते हसत," उज्वला म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं. किशोरनं उठून पंख्याचं बटण उगाच फिरवलं. उज्वलाला त्या क्षणी कळलं की ही फक्त तिच्या एकटीची आग नाही. तोही भीत होता. ती खुर्चीवर आली तर सगळ्यांना दिसेल की तीन वर्षं कुणाच्या डोक्यानं काम चाललं होतं. त्या विचारानं तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. पण अर्ज तिनं दुसऱ्याच दिवशी तृप्तीच्या हाती पाठवला.

मंगळवारी दहा वाजता बोलावणं आलं. हर्षालीला शाळेत सोडलं, सुटल्यावर आणायला समोरच्या चतुराबाईंना सांगितलं आणि उज्वला चार वर्षांनी त्या गेटातून आत गेली. मशीनचा आवाज कानावर पडला तशी तिची चाल बदलली. साडी नेसलेली बाई हळू चालत आत आली होती, ती आता झपझप चालायला लागली. ऑफिसच्या बाहेर सूचनांचा फळा होता. कारखान्यात कामगारानं एखादी सुधारणा सुचवली तर तिला कायझेन म्हणतात, आणि वर्षातल्या उत्तम कायझेनचा फोटो त्या फळ्यावर लागतो. फोटोत किशोर होता. केस पाणी लावून विंचरलेले, एका हातात अंड्यांचा ट्रे, दुसऱ्या हातात कुकर. खाली लिहिलं होतं, "कल्पना आणि अंमलबजावणी: किशोर."

उज्वला फळ्यासमोर उभी राहिली. तिच्याच ओट्यावरचा ट्रे. तिचीच अक्कल. आणि बक्षिसाच्या कुकरात ती वर्षभर त्याला वरण-भात शिजवून वाढत होती. तिला वाटलं, आत्ता जावं आणि मशीनवर सगळ्यांसमोर त्याचा शर्ट धरावा. पण आतून तिचं नाव पुकारलं गेलं.

तपासणी विभागाचे साहेब होते धम्मपाल सर. दोन वर्षांपूर्वी आलेले, त्यामुळे उज्वलाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी ती किशोरची मिसेस. त्यांनी आदरानं बसवलं, चहा विचारला आणि पहिला प्रश्न केला, "मुलगी लहान आहे ना? तिला कोण सांभाळणार?"

उज्वलानं शाळेची वेळ सांगितली, चतुराबाईंचं नाव सांगितलं, सगळं सांगितलं. मायक्रोमीटरबद्दल अजून एकही प्रश्न झाला नव्हता. अखेर सरांनी मशीनवरून दहा पिना मागवल्या आणि मापं लिहायला सांगितलं. उज्वलानं पहिली पीन हातात घेतली आणि परत खाली ठेवली.

"कोमट आहे सर. अर्धा तास थांबावं लागेल."

धम्मपाल सर मनापासून हसले. "वा. किशोरनं घरी चांगलं तयार केलंय तुम्हाला."

हे मात्र फार झालं. उज्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज चढला नाही. कारखान्यात तिचा आवाज कधीच चढत नसे.

"सर, किशोरला मी तयार केलंय," ती म्हणाली. "अहो" घरी राहिलं, जुनं नाव आपोआप तोंडात आलं. "सात वर्षांपूर्वी, बाहेरच्या त्या तपासणीच्या टेबलाशी. फळ्यावरचा तो ट्रेसुद्धा माझ्या ओट्यावरचा आहे. त्याला बोलवा आणि विचारा."

किशोर आला. सरांनी विचारलं. उज्वला त्याच्याकडे टक लावून बघत होती. हा आता नाही म्हणाला तर काय करायचं, हे तिनं ठरवलेलं नव्हतं. संसार आणि खुर्ची, दोन्ही त्याच्या जिभेवर होतं. किशोरनं हातातलं फडकं दोनदा घडी केलं.

"हो सर," तो म्हणाला. "तिचीच आयडिया होती. माझं नाव लागलं, मी काढायला सांगितलं नाही."

मग धम्मपाल सरांनी कागद पुढं ओढला. "ठीक आहे. पण ताई, पाळीचा प्रश्न राहतोच. दुपारच्या पाळीत मुलीचं..."

"सर, तो प्रश्न मला विचारून झाला. मी उत्तर दिलं," उज्वला म्हणाली. "आता त्याला विचारा. पोरगी त्याचीही आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. पण त्यांनी विचारलं. "किशोर, उज्वलाताईंची पाळी तुझ्या उलट लावली तर मुलीला बघशील? शाळा किती वाजता सुटते तिची?"

किशोरनं तोंड उघडलं आणि सवयीनं उज्वलाकडे बघितलं. तीन वर्षं रोज संध्याकाळी तो असाच बघायचा आणि उत्तर मिळायचं. उज्वला खिडकीतून बाहेर बघत राहिली.

"एक... दीड," किशोर म्हणाला. "दीड वाजता बहुतेक."

"बहुतेक?" सर म्हणाले.

अर्ध्या तासानं उज्वलानं दहाही पिना मोजल्या. दोन बाद केल्या. सरांनी त्या दुसऱ्या खोलीत स्वतः मोजून बघितल्या, दोन्ही बाद निघाल्या. एक तारखेपासून या, म्हणाले, आणि या वेळी कॉन्ट्रॅक्टरच्या यादीत नाही, कंपनीच्या. किशोरला म्हणाले, शाळेची वेळ विचारून घे.

पहिला आठवडा उज्वलाला सकाळची पाळी आली, किशोरला दुपारची. पोरीला उठवणं, डबा, वेणी, शाळा, सगळं त्याच्याकडे. उज्वला पहाटेच सगळं सांगायला लागली, तर किशोर म्हणाला, "जा तू. बघतो मी." त्याच्या आवाजात राग नव्हता. भीती होती, आणि ती बघून उज्वलाला बरं वाटलं. तिला खरं सांगायचं तर त्याची फजिती व्हायला हवी होती. डबा विसरावा, शाळेला उशीर व्हावा, शाळेतल्या बाईंचा फोन यावा. दिवसभर तिचा एक कान फोनकडे होता. फोन आला नाही. खुर्चीचं रेग्झिन नवं घातलेलं होतं. अकरा वाजता तिनं एक लॉट अडवला. ऑपरेटर वाद घालायला आला, ती "नाही" म्हणाली, आणि तो गेला. मशीन थांबलं. ती शांतता तिनं चार वर्षांनी ऐकली.

दुपारी चार वाजता ती गल्लीत शिरली तेव्हा तिला हे कुणाला तरी सांगायचं होतं. किशोर कामाला गेलेला होता. हर्षाली चतुराबाईंच्या ओट्यावर बसली होती आणि तिच्याभोवती चार बायका उभ्या होत्या. उज्वला धावतच पुढं गेली. पोरगी पडली की काय?

"ये, ये, आधी हे बघ," चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी हर्षालीला पाठमोरी फिरवलं. डोक्यावर एक वेणी होती. भांग वाकडा, एक बट बाहेर, रिबिनीची गाठ बुटाच्या लेसची असते तशी. "किशोरनं घातली. बाप्या माणूस असून. सकाळी दारात बसून घालत होता, आख्खी गल्ली बघाया जमली. लय नशीबवान हायेस बाई तू. असा नवरा शोधून सापडायचा नाय."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. आमच्यात तर पाण्याचा पेला उचलत नाहीत, एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, शाळेत सोडायलाही तोच गेला, डबापण त्यानंच भरला. उज्वलाचा पहिला दिवस कसा गेला हे कुणी विचारलं नाही. तिच्या ओढणीला आज कूलंटचा वास येत होता, तोही कुणाच्या नाकात गेला नाही.

"उद्या पण पप्पाच वेणी घालणार," हर्षालीनं जाहीर केलं.

खुर्ची मिळाली म्हणजे जळणं थांबेल असं उज्वलाला वाटलं होतं. आता तिला कळलं, ते थांबलेलं नव्हतं, ते फक्त कारखान्यातून निघून घरी येऊन बसलं होतं. एका वेणीत त्यानं गल्ली जिंकली होती, आणि लेक पण.

"इतके दिवस रोज मी वेणी घातली," ती म्हणाली. आवाज कापला, आणि तिला तो आवरता आला नाही. "सरळ भांग पाडून घातली. तेव्हा कुणी बघायला आलं नाही."

चतुराबाईंनी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू बाईला ताप चढलाय.

"तुझं काय बघायचं गं?" त्या म्हणाल्या. "तू तर आई हायेस."

उज्वलानं बाहेर आलेली बट आत खोचायला हात पुढं केला, तर हर्षालीनं डोकं बाजूला घेतलं आणि वेणीला हात लावू दिला नाही.